नॅशव्हिलमधले सहा दिवस: सायकेडेलिक गायक कंट्रीकडे वळतो म्हणजे नेमकं काय होतं?

जोनाथन विल्सन या अमेरिकन गायक-गीतकाराचा २०१८ साली आलेला 'रेअर बर्ड्स' हा अल्बम हेडफोन लावून ऐकायला बसलं, की एकेका गाण्यात किती थर आहेत हे मोजायचा नाद थोड्या वेळाने सोडून द्यावा लागतो. सिंथेसायझर, ड्रम मशीन, गिटारच्या लांबलेल्या ताना, एकावर एक चढवलेले आवाज. मध्येच एका गाण्यात गायिका लाना डेल रे येऊन जाते. सव्वा तासाहून मोठा हा अल्बम संपतो तेव्हा आपण कुठल्या तरी वेगळ्या हवामानातून फिरून आल्यासारखं वाटतं.

त्यानंतर दोनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, त्याचा 'डिक्सी ब्लर' आला. गाणाऱ्याचा गळा ओळखीचा होता, भोवतालचं मात्र सगळं बदललेलं. फिडल (म्हणजे लोकसंगीताच्या ढंगाने वाजवलेलं व्हायोलिन), पेडल स्टील, हार्मोनिका, उभा बास: सगळा थाट कंट्रीचा, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेतून आलेल्या संगीताचा. वादक एकत्र बसून वाजवत होते आणि सगळं काम नॅशव्हिलच्या, म्हणजे कंट्रीच्या राजधानीतल्या, एका स्टुडिओत सहा दिवसांत उरकलं होतं.

अशा वळणाबद्दल लिहिताना 'कलाकार मुळांकडे परतला' हे ठरलेलं वाक्य येतंच. विल्सनच्या बाबतीत ते खोटंही नाही. तो नॉर्थ कॅरोलिनातल्या फॉरेस्ट सिटी या लहान गावात जन्मला, म्हणजे ब्लूग्रास हा कंट्रीचा फिडल-बँजोवरचा वेगवान प्रकार जिथे घरोघरी ऐकला जातो त्या भागात. पण हे स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. गावाकडची आठवण कुणालाही येते, तेवढ्याने अल्बमचा आवाज बदलत नाही. आवाज बदलतो तो गाणं बनवण्याची रीत बदलली की. सायकेडेलिक पॉप आणि कंट्री यांच्यातला खरा फरक टोपी, बूट आणि फिडलपेक्षा कामाच्या पद्धतीत आहे, आणि ती पद्धत कळली की अशी वळणं ऐकायला जास्त मजा येते.

आधी सायकेडेलिक पॉप म्हणजे काय ते पाहू. नाव आलं ते भास घडवणाऱ्या नशेच्या द्रव्यांवरून. १९६६-६७च्या सुमारास लंडन, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या पॉप बँडना एक गोष्ट उमगली: स्टुडिओ हेच एक वाद्य आहे. तोवर स्टुडिओचं काम म्हणजे समोर जे वाजतंय ते नीट टिपणं. आता टेप उलटी फिरवता येत होती, तिचा वेग कमी-जास्त करता येत होता, एकच आवाज किंचित मागेपुढे करून दुप्पट करता येत होता. बीटल्सने १९६६च्या 'रिव्हॉल्व्हर' या अल्बममध्ये हे सगळे खेळ केले. त्यातलं 'टुमॉरो नेव्हर नोज' जवळजवळ एकाच कॉर्डवर, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या एकाच जुळणीवर, उभं आहे. खाली तंबोऱ्यासारखा धरून ठेवलेला स्वर आणि वर टेपचे तुकडे गरगर फिरताहेत. याच अल्बमच्या 'लव्ह यू टू' या गाण्यात तबला आहे, तो अनिल भागवत यांनी वाजवलेला, आणि त्यांचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावर छापलं होतं. भारतीय संगीताकडून या मंडळींनी काय उचललं, तर सतारीचा आवाज, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका जागी थांबून राहण्याची मुभा. पाश्चात्त्य पॉप गाणं तीन मिनिटांत कुठून तरी निघून कुठे तरी पोचायचं. सायकेडेलिक गाणं एकाच ठिकाणी तरंगत राहू शकतं.

या पद्धतीत गायकाचा आवाज इतर आवाजांमधला एक होऊन जातो. त्याच्यावर प्रतिध्वनी चढवलेला असतो, शब्द अर्धवट कळतात, आणि ते पूर्ण कळावेत असा आग्रहही नसतो. एकटा माणूस महिनोन्‌महिने स्टुडिओत बसून हे सगळं रचू शकतो. विल्सन अगदी असाच काम करणारा. गिटार, पियानो, बास, ड्रम सगळं स्वतः वाजवणारा, स्वतःचा स्टुडिओ असलेला. शिवाय इतरांचे अल्बम घडवणारा निर्माता: फादर जॉन मिस्टीचा 'फियर फन', डॉज या बँडचे सुरुवातीचे अल्बम. २०१७पासून तो पिंक फ्लॉइड या सायकेडेलिक रॉक बँडच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या रॉजर वॉटर्सच्या दौऱ्यात गिटार वाजवत होता आणि मूळ पिंक फ्लॉइडमध्ये डेव्हिड गिलमोरने गायलेल्या ओळी तिथे गात होता. सायकेडेलिक संगीताचं याहून मोठं प्रशस्तिपत्रक कुठलं असणार!

मग हा माणूस नॅशव्हिलला गेला कशाला? सल्ला होता स्टीव्ह अर्ल या कंट्री-रॉकमधल्या मुरलेल्या गीतकाराचा. सगळं स्वतः वाजवणं पुरे झालं, आता तिथे जाऊन तिथल्या वादकांबरोबर रेकॉर्ड कर, असा त्याचा रोख. विल्सनने विल्को या बँडमधल्या पॅट सॅन्सोनला सहनिर्माता म्हणून बरोबर घेतलं आणि साउंड एम्पोरियम हा स्टुडिओ निवडला. हा स्टुडिओ 'काउबॉय' जॅक क्लेमेंटने उभारलेला. क्लेमेंट १९५०च्या दशकात मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समध्ये ध्वनिमुद्रक होता आणि जॉनी कॅशची सुरुवातीची गाणी त्याच्या हाताखालून गेलेली आहेत.

आता इथे जरा थांबायला हवं, कारण नॅशव्हिलमध्ये गाणं रेकॉर्ड कसं होतं ही या विषयातली सगळ्यांत रंजक गोष्ट आहे.

नॅशव्हिल हे टेनेसी राज्यातलं शहर. तिथे पिढ्यान्‌पिढ्या रेकॉर्डिंगच्या सत्रांवर पैसे घेऊन काम करणारे वादक आहेत. वादक संघटनेच्या रिवाजाप्रमाणे एक सत्र तीन तासांचं असतं आणि तेवढ्यात तीन-चार गाणी हातावेगळी व्हावीत अशी अपेक्षा असते. वादकांनी गाणं आधी ऐकलेलंही नसतं. सगळे जमतात, गायकाने घरी केलेलं कच्चं रेकॉर्डिंग एकदा लावलं जातं, आणि ते वाजत असतानाच एकजण कागदावर आकडे लिहीत जातो. १ ४ १ ५, मग ६ ४ १ ५. गाणं संपेपर्यंत कागद तयार. त्याच्या प्रती वाटल्या की सगळे आपापल्या जागी जातात आणि वाजवायला सुरुवात.

या आकड्यांना नॅशव्हिल नंबर सिस्टिम म्हणतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकचमूतल्या नील मॅथ्यूज ज्युनियर याने ती सुरू केली आणि चार्ली मॅककॉय वगैरे वादकांनी वाढवली. पाश्चात्त्य संगीत शिकलेल्यालाही सुरुवातीला ती चमत्कारिक वाटते. आपल्याला मात्र ती चटकन कळायला हवी, कारण तिच्यामागे सरगमचंच तत्त्व आहे. आपल्याकडे गायक काळी चारमध्ये गाओ की पांढरी दोनमध्ये, बंदिशीचा सा तो सा आणि प तो प. पट्टी बदलली म्हणून सरगम नव्याने लिहावी लागत नाही. नंबर सिस्टिममध्ये १ म्हणजे सा वर उभारलेली कॉर्ड, ४ म्हणजे शुद्ध म वरची, ५ म्हणजे प वरची, ६ म्हणजे ध वरची. ऐन वेळी गायिका म्हणाली, 'मला हे थोडं खाली हवंय,' तर कागद तोच राहतो, वादक फक्त सा बदलतात. पाश्चात्त्य स्वरलेखनात अशा वेळी सगळं नव्याने लिहायची पाळी येते.

याचा परिणाम काय होतो? कागदावर फक्त सांगाडा असतो. कुणी काय वाजवायचं, कुठे गप्प बसायचं, हे त्या क्षणी ठरतं. गायकाची ओळ संपली की जी मोकळी जागा राहते तिथे फिडलवाला एक लहानशी तान टाकतो. पुढच्या मोकळ्या जागेत पेडल स्टीलवाला. ओळ चालू असताना मात्र कुणी लुडबूड करत नाही. आपल्याकडे लावणीत किंवा भजनात पेटीवाला ओळींच्या मध्ये जागा भरतो, तशीच ही शिस्त आहे. आणि ती पाळायची तर गायकाचे शब्द पुढे, स्पष्ट आणि कोरडे हवेत. प्रतिध्वनीच्या धुक्यात बुडवलेल्या आवाजाची ओळ कुठे संपली हेच साथीदाराला कळणार नाही.

म्हणजे कंट्रीमध्ये शब्द स्पष्ट असतात ते केवळ कंट्रीवाले गोष्टी सांगतात म्हणून असं नाही. एकत्र बसून वाजवायच्या पद्धतीलाच शब्द स्पष्ट असावे लागतात. 'डिक्सी ब्लर'मध्ये विल्सनचा आवाज पुढे आला आहे, त्याचं निम्मं श्रेय मी या पद्धतीला देईन.

वादकही त्याने साधेसुधे निवडले नव्हते. फिडलवर मार्क ओकॉनर. हा लहानपणापासून फिडलच्या स्पर्धा जिंकत आलेला, १९८०च्या दशकात नॅशव्हिलच्या सत्रांमध्ये प्रचंड मागणी असलेला, आणि १९९१ ते १९९६ अशी सलग सहा वर्षं कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट वादक ठरलेला माणूस. पुढे तो शास्त्रीय रचनांकडे गेला. गिटारवर केनी व्हॉन, उभ्या बासवर डेनिस क्राउच, पेडल स्टीलवर रस पाल. ''६९ कॉर्व्हेट' हे बालपणातल्या गाडीची आणि घरच्यांची आठवण काढणारं गाणं ऐका. त्यातलं फिडल गायकाला किती जागा देतं ते पाहा. माझ्या मते अख्ख्या अल्बमचं मर्म त्या एका गाण्यात आहे.

बरं, पेडल स्टील म्हणजे काय? कंट्री गाण्यात जो हुंदका दिल्यासारखा, घसरत जाणारा आवाज ऐकू येतो तो याचा. पूर्ण नाव पेडल स्टील गिटार, म्हणजे हे वाद्य गिटारच्याच घराण्यातलं आहे. चार पायांच्या टेबलासारखं आडवं असतं आणि वादक त्याच्यासमोर बसतो. साधारण दहा तारा. उजव्या हाताच्या बोटांत नख्या. डावा हात तारा दाबत नाही, त्यात पोलादाची गुळगुळीत कांडी असते आणि ती तारांवरून सरकवली जाते. खाली दोन-तीन पेडल, गुडघ्यांनी ढकलायच्या दांड्या, आणि उजव्या पायाखाली आवाज कमी-जास्त करणारं वेगळं पेडल. दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, सगळे कामाला.

पेडल दाबलं की ठरावीक तारा ठरावीक अंतराने ताणल्या जातात, बाकीच्या जिथल्या तिथे राहतात. म्हणून तीन स्वरांची कॉर्ड वाजत असताना त्यातले दोन स्वर स्थिर ठेवून तिसऱ्याची मींड घेता येते. साध्या गिटारवर हे जमणं महाकठीण. १९५४ साली गाजलेल्या वेब पियर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने तारा गुंजत असतानाच पेडल दाबलं, आणि ते ऐकून देशभरातले स्टील गिटारवाले आपापल्या वाद्यांना पेडल बसवायला धावले.

हे वाद्य मुळात कंट्रीचंही नाही. ते हवाईचं. तिथल्या जोसेफ केकुकू या मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोलादाचा तुकडा गिटारच्या तारांवरून सरकवून वाजवायची पद्धत घडवली असं मानलं जातं. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हवाईयन संगीताचा मोठा बोलबाला झाला आणि ही पद्धत अमेरिकाभर पसरली. ती आपल्याकडेही आली. व्हॅन शिपली, हजारा सिंग यांच्या हवाईयन गिटारवरच्या सिनेमाच्या धुना रेडिओवर ऐकलेली पिढी अजून आहे. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांचा संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबर जी गिटार वाजते ती ब्रिजभूषण काब्रांची, आणि तीही अशीच सरकत्या कांडीने वाजवलेली. नॅशव्हिलचा हुंदका आणि आपली ती मींड एकाच हवाईयन झाडाच्या दोन फांद्या.

सायकेडेलिक संगीतातून आलेल्या माणसाला पेडल स्टीलची भुरळ पडते यात मला काही नवल वाटत नाही. आवाजाच्या पेडलने छेडल्याचा ठोका लपवला की स्वर कुठून तरी उगवल्यासारखा येतो आणि तरंगत राहतो. बऱ्याच जणांना जो परिणाम साधायला यंत्रांचा डोंगर रचावा लागतो, तो इथे एका वाद्यात आयता आहे. संगीतकार ब्रायन ईनोने चांद्रमोहिमांवरच्या चित्रपटासाठी केलेल्या १९८३च्या 'अपोलो' या अल्बममध्ये डॅनियल लानवाचं पेडल स्टील आहे. अंतराळवीर सोबत कंट्रीच्या कॅसेट घेऊन गेले होते हे कळल्यावर ईनोला ती कल्पना सुचली. त्या संगीतात ना गोष्ट आहे, ना ठेका, तरी पेडल स्टील तिथे अजिबात परकं वाटत नाही.

१९६८ची गोष्ट

सायकेडेलियातून कंट्रीकडे जाणारी वाट विल्सनने शोधलेली नाही. ती पन्नासहून जास्त वर्षं जुनी आहे, आणि तिचा पहिला ठळक मुक्काम म्हणजे बर्ड्स हा लॉस एंजेलिसचा बँड.

१९६६ साली बर्ड्सने 'एट माइल्स हाय' हे गाणं काढलं. त्यातल्या गिटारवर जॅझवादक जॉन कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनची आणि रविशंकरांच्या सतारीची छाया आहे. सायकेडेलिक रॉकच्या पहिल्या गाण्यांत त्याची गणना होते. जानेवारी १९६८मध्ये त्यांचा 'द नटोरियस बर्ड ब्रदर्स' आला, त्यात मूग सिंथेसायझरसुद्धा होता. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ': फिडल, बँजो, पेडल स्टील, तुरुंगाची आणि देवाची गाणी. एका वर्षाच्या आत एवढी उडी.

(हा बँजो आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतला बँजो नव्हे. बँजो पथकात वाजतो तो बटणांचा बुलबुल तरंग. अमेरिकन बँजो कातड्याच्या तोंडाचा, बोटांनी छेडायचा.)

उडी मारायला लावणारा माणूस होता ग्रॅम पार्सन्स. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि नुकताच बँडमध्ये आला होता. मुख्य गायक रॉजर मॅग्विनच्या मनात विसाव्या शतकातल्या अमेरिकन संगीताचा सगळा प्रवास, जुन्या लोकगीतांपासून इलेक्ट्रॉनिक संगीतापर्यंत, एका अल्बममध्ये मांडायचा बेत होता. पार्सन्सने तो बेत कंट्रीच्या स्थानकावरच थांबवला. बँडमधला ख्रिस हिलमन मूळचा ब्लूग्रास मॅन्डोलिनवादक, त्यामुळे तोही खुशीने त्याच्या बाजूला गेला.

मार्च १९६८मध्ये ते नॅशव्हिलला गेले आणि ग्रँड ओल ऑप्री या कार्यक्रमात गायले. १९२५ साली रेडिओवर सुरू झालेला हा कार्यक्रम म्हणजे कंट्रीचा दरबार. समोरच्या लोकांना या लांब केसांच्या पोरांचा राग आला, त्यांनी हुर्यो उडवली. व्हिएतनाम युद्धाचं वर्ष, केसांच्या लांबीवरून माणसाचं राजकारण ओळखलं जायचं ते दिवस. त्यात पार्सन्सने आयत्या वेळी ठरलेलं गाणं सोडलं आणि आजीला अर्पण करत स्वतःचं 'हिकरी विंड' म्हटलं. आयोजक आणखी चिडले. रॉकचे श्रोतेही काही खूश झाले नाहीत. बिलबोर्ड या मासिकाच्या खपाच्या यादीत अल्बम ७७व्या क्रमांकावर अडकला. जुलैत पार्सन्स बँड सोडून गेलासुद्धा. कारण सांगितलं ते दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याला विरोध असल्याचं.

आज हाच अल्बम कंट्री-रॉकचा पाया मानला जातो. त्यात गंमत अशी, की त्यातलं पेडल स्टील वाजवणारे लॉइड ग्रीन आणि जेडी मेनेस हे दोघेही सत्रावर येणारे व्यावसायिक वादक होते. पद्धत नॅशव्हिलचीच.

हे सगळं लॉस एंजेलिसच्या बँडला सुचावं, हाही योगायोग नव्हे. १९३०च्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी उद्ध्वस्त झालेली ओक्लाहोमा-टेक्सासकडची लाखो माणसं कॅलिफोर्नियात शेतमजूर म्हणून आली, आणि त्यांच्याबरोबर त्यांची गाणीही आली. बेकर्सफील्ड या गावात त्या गाण्यांना विजेची गिटार मिळाली. बक ओवेन्स, मर्ल हॅगर्ड ही तिथली नावं. त्यामुळे लॉस एंजेलिसच्या सायकेडेलिक पोरांना कंट्री शोधायला फार लांब जायची गरज नव्हती. ते दोन-तीन तासांच्या अंतरावर वाजत होतं.

पुढे पार्सन्स आणि हिलमनने फ्लाइंग बरिटो ब्रदर्स हा बँड काढला आणि १९६९मध्ये 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन' आणला. यातला स्टीलवादक स्नीकी पीट क्लायनो दिवसा चित्रपटांसाठी बाहुल्यांचं अॅनिमेशन करायचा. त्याने पेडल स्टीलला रॉक गिटारचं फझ, म्हणजे आवाज खरखरीत करणारं यंत्र, जोडलं. हुंदका एकदम गुरगुरायला लागला! वेष्टनावरच्या फोटोत पार्सन्सच्या अंगात कंट्री गायकांचा झगमगीत कोट आहे, फक्त त्याच्यावर भरतकाम केलंय ते अफूची फुलं, नशेच्या गोळ्या आणि गांज्याची पानं यांचं. सायकेडेलिया आणि कंट्री यांचं नातं इतकं थोडक्यात सांगणारं दुसरं चित्र मला माहीत नाही.

पार्सन्स १९७३ साली सव्विसाव्या वर्षी गेला.

'मुळं' कुणाची?

पार्सन्सबद्दल आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गरिबाघरच्या दुःखाची गाणी जीव ओतून गाणारा हा माणूस फ्लोरिडातल्या संत्र्या-मोसंबीच्या बागांच्या मालकांचा नातू होता, हार्वर्डमध्ये काही महिने काढून आलेला. मग त्याचं कंट्री खोटं का? मला तसं वाटत नाही. पण 'मुळांकडे परतला' असं म्हणताना जरा जपून, इतकंच.

मुळांचा प्रश्न आणखी खोल जातो. कंट्री म्हणजे गोऱ्या खेडुतांचं संगीत हे चित्र बरंचसं रेकॉर्ड कंपन्यांनी तयार केलं. १९२०च्या दशकात त्यांनी गोऱ्यांची आणि काळ्यांची गाणी वेगळ्या यादीत विकायला सुरुवात केली, गाणारे मात्र एकमेकांकडून सर्रास शिकत होते. बँजोचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतून गुलामांबरोबर आले. १९२७च्या ब्रिस्टलच्या रेकॉर्डिंगमधून प्रसिद्धीला आलेल्या कार्टर कुटुंब या कंट्रीच्या सुरुवातीच्या गायकचमूला पुढे गावोगावची गाणी गोळा करताना लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय गिटारवादकाची मोठी मदत झाली. ऑप्रीच्या सुरुवातीच्या ताऱ्यांपैकी एक होता डेफर्ड बेली, हार्मोनिका वाजवणारा कृष्णवर्णीय कलाकार. रे चार्ल्स या कृष्णवर्णीय गायकाने १९६२ साली कंट्री गाण्यांचा अख्खा अल्बम काढला आणि तो अफाट खपला. या सगळ्यात भर हवाईहून आलेल्या स्टीलची. एकच एक शुद्ध मूळ शोधायला निघालेल्याच्या हाती फारसं काही लागणार नाही.

विल्सनचा अल्बमही शुद्धतेच्या भानगडीत पडत नाही. 'डिक्सी ब्लर'चं पहिलंच गाणं, 'जस्ट फॉर लव्ह', हे क्विकसिल्व्हर मेसेंजर सर्व्हिस या सॅन फ्रान्सिस्कोच्या सायकेडेलिक बँडचं. बासरी आहे, मंद धुकं आहे. कंट्रीच्या घरात शिरताना दाराशीच त्याने जुनी ओळख सांगून टाकली. सगळी गाणी सारखी उतरली आहेत असं नाही. मधली काही संथ गाणी एकमेकांत मिसळून जातात, आणि तिथे नॅशव्हिलच्या वादकांनी जरा जास्तच सभ्यपणा दाखवलाय असं मला वाटलं. पण फिडल आणि ठेका जिथे पळायला लागतात तिथे विल्सन जो मोकळा होतो, तसा तो 'रेअर बर्ड्स'मध्ये कुठेच नाही.

शिकलेली पद्धत त्याने दुसऱ्यांसाठीही वापरली. एंजल ओल्सेन ही गायिका-गीतकार २०१९मध्ये 'ऑल मिरर्स' हा व्हायोलिनच्या ताफ्याने आणि सिंथेसायझरने गच्च भरलेला अल्बम काढून बसली होती. २०२२चा तिचा 'बिग टाइम' मात्र पेडल स्टीलवर तरंगणारा, सरळ कंट्रीचा. तो रेकॉर्ड झाला कॅलिफोर्नियातल्या टोपँगा कॅन्यनमध्ये, विल्सनच्या स्टुडिओत, आणि सहनिर्माता स्वतः विल्सन. त्याच्या आदल्या वर्षी ओल्सेनचे आई आणि वडील थोड्या अंतराने गेले होते. अशा वेळी मनातलं सांगायला साधी चाल, तीन-चार कॉर्ड आणि ऐकू येतील असे शब्द जवळचे वाटले असतील, असा माझा अंदाज. 'ऑल मिरर्स'मध्ये तिचा आवाज वादळात उभा आहे. 'बिग टाइम'मध्ये तो शेजारच्या खुर्चीत बसलाय.

त्या सुमारास ही वाट बरीच वर्दळीची झाली होती. २०२०मध्येच अलाबामाची केटी क्रचफील्ड, म्हणजे वॅक्सहॅची, खरखरीत इंडी रॉक सोडून 'सेंट क्लाउड'मध्ये अशाच मोकळ्या कंट्री आवाजाकडे आली. प्रत्येकीची कारणं वेगळी. पण एक गोष्ट मला सगळीकडे दिसते: ज्यांनी स्वतंत्रपणे, घरच्या स्टुडिओत, संगणकावर थर चढवत काम केलं त्यांना कधी ना कधी खोलीत दुसरी माणसं हवीशी वाटतात. कंट्रीत ती सोय पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. गाण्याचा सांगाडा घेऊन जा, बाकीचं तिथली मंडळी बघून घेतील.

ऐकायचं असेल तर मी हा क्रम सुचवेन. आधी 'एट माइल्स हाय', लगेच त्याच बँडचं 'हिकरी विंड'. मग विल्सनचं 'रेअर बर्ड्स'मधलं कुठलंही गाणं आणि त्यापाठोपाठ ''६९ कॉर्व्हेट'. प्रत्येक वेळी दोनच गोष्टींकडे कान द्या: गायकाची ओळ संपल्यावर काय होतं, आणि पहिल्याच ऐकण्यात किती शब्द कळतात.

आणि विल्सन आता कंट्री गायक झाला का? नाही. २०२३मध्ये त्याचा 'ईट द वर्म' आला, पुन्हा बराचसा स्वतःच्या स्टुडिओत रचलेला. विचित्र वळणांच्या चाली, मध्येच घुसणारे तंतुवाद्यांचे आणि पितळी वाद्यांचे ताफे, आणि सायकेडेलियात असतो तसला तिरकस विनोद. फिडल बहुतेक गायब. त्याचे शब्द मात्र आता पूर्वीपेक्षा पुष्कळ स्पष्ट ऐकू येतात.